नीट दाखवलेलं घर

भागुमावशीच्या घरात बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती कंदिलाच्या काचेत ठेवावी लागायची. कंदील कधीच मोडला होता, त्याची काच तेवढी तिने जपली होती. काचेशिवाय ज्योत टिकायचीच नाही. दार लावा, खिडकीला गोणपाट लावा, कुठून तरी वारा यायचा आणि फुंकर घालून जायचा. "आमच्या घरात वारा बिनभाड्याचा ऱ्हातो," असं मावशी हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्यानेही हसावं अशी तिची अपेक्षा असायची. मला हसू यायचं नाही. मी या गावची आशा कार्यकर्ती आहे. कुणाला कधीपासून खोकला आहे हे मला तोंडपाठ असतं, आणि मावशीचा खोकला दर हिवाळ्यात यायचा तो होळीपर्यंत हलायचा नाही.

आमचं गाव आंदर मावळाच्या अगदी टोकाला. पुढे कडा आणि कड्याखाली कोकण. तिथून वर चढून आलेला वारा गावात पहिल्यांदा भेटतो तो मावशीच्या घराला, कारण विहाराच्या मागचं ते शेवटचं घर. पुढची भिंत विटांची. ती तिच्या नवऱ्याने, राजेंद्रकाकांनी, खाणीवर राबून बांधली होती. उरलेल्या तीन बाजूंना कूड, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर दिलेला शेणमातीचा लेप. वर पत्रा. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट, चुलीचा धूर जावा म्हणून ठेवलेली. बाकीच्या भिंती विटांच्या व्हायच्या आतच काका गेले. त्यांची लेक यशोधरा तेव्हा प्राथमिक शाळेत होती. मावशीने भात लावला, म्हैस सांभाळली, लोकांच्या शेतावर गेली, लेकीला बारावी केलं आणि इंदुरीच्या आकाशशी तिचं लग्न लावून दिलं. भिंती तेवढ्या राहून गेल्या.

मावशी गरीब होती, पण तिच्या घरात कधी पसारा दिसला नाही. भांडी घासली तर चेहरा दिसेल अशी घासायची. पाहुणा येणार म्हटलं की तिच्या अंगात यायचं. अख्खं घर सारवायची, चौकटीला रंग नसला तरी ती ओल्या फडक्याने पुसून काढायची. हट्टीही होती. तिची झोपायची जागा ठरलेली, मागच्या कुडाला पाठ लावून. यशोधरा लहानपणापासून आम्हा मैत्रिणींना सांगायची, "माझ्या आईला भिंतीकडचीच जागा लागते. तिथं दुसरं कुणी आडवं झालं तर भांडून उठवते." आम्ही मुली तिच्याकडे मुक्कामाला गेलो की हे खरंच व्हायचं. मावशी हाताला धरून उठवायची, "चला, मधी सरका, ती माझी जागा हाय." आम्हाला त्याची फार गंमत वाटायची.

गेल्या वर्षी यशोधराला दिवस राहिले. जानेवारीच्या मध्यावरची तारीख होती. दवाखाना तळेगावचा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न होता तो पुढच्या सव्वा महिन्याचा. पहिलटकरणीने माहेरी यायचं, ही आपल्याकडची रीत. मावशीने तर उन्हाळ्यातच बाळाच्या दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी धुवून ठेवली होती. आणि दिवाळीत यशोधराची सासू शालनबाई फोनवर स्पष्ट बोलली.

"भागुबाई, राग मानू नका. पर तुमच्या घरात लय वारं. माझी सून आन् नातवंड मी तितं न्हाई धाडायची."

शालनबाई वाईट नव्हती. इंदुरीला तिचं स्लॅबचं घर, सुनेला लेकीसारखं बघते. पण साखरपुड्याला ती आमच्याकडे आली होती, तो होता ऐन थंडीचा महिना. त्रिशरण चालू असताना काचेतली ज्योतसुद्धा विझली होती आणि ती बाई डोक्यावरून शाल घेऊन जी बसली ती जेवणापर्यंत. आता बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आपण तिचे कान बांधतो, बाजेखाली शेगडी ठेवतो. जिथे मेणबत्ती टिकत नाही तिथे तान्हं मूल कसं ठेवायचं? शालनबाईचं म्हणणं मला पटत होतं आणि मावशीकडे बघवतही नव्हतं.  धुतलेली लुगडी मावशीने पुन्हा एकदा धुतली.

त्याच सुमारास लोणावळ्याच्या एका संस्थेने आमच्या भागासाठी एक योजना आणली. ज्यांची घरं गार आणि वाऱ्याची आहेत, त्यांना फटी बुजवायला, पत्र्याखाली ऊब धरणारं छत करायला आणि भिंती आतून पक्क्या करायला पैशांची मदत. अर्धे पैसे काम सुरू होताना, उरलेले काम बघून झाल्यावर. घर स्वतःच्या नावावर हवं आणि मजुरीतला थोडा भाग घरच्यांनी उचलायचा. बातमी कळल्याबरोबर मी पहिलं नाव मावशीचं दिलं. आंदर मावळात या मदतीवर हक्क सांगणारं एक घर शोधायचं म्हटलं असतं, तर मी डोळे मिटून तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले असते.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी तिला सांगून आले, "मावशी, उद्या संस्थेच्या अनघाताई येतील. त्यांना घर नीट दाखव हं."

"तू काळजीच करू नगंस," मावशी म्हणाली. "अशी नीट दावते का बाई बघतच ऱ्हाईल."

मी निर्धास्त झाले. मी मराठीतच बोलले होते आणि तिने मराठीतच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनघाताईंना घेऊन मी तिच्या दारात गेले आणि डोक्याला हात लावायचाच बाकी राहिला. अंगणात रांगोळी. जमीन, कूड, ओटा, सगळं नुकतं सारवलेलं. कुडाची एक भेग दिसेल तर शपथ. मागच्या कुडाशी, जमिनीलगत, अंथरुणांच्या वळकट्या रचलेल्या. वरची फट गोण्या आणि चिंध्या कोंबून गच्च बुजवलेली. पत्र्याखाली जुन्या साड्या जोडून छत ताणलेलं. धूर कोंडू नये म्हणून चूल अंगणात मांडलेली आणि आत मधोमध घमेल्यात लालबुंद निखारे. घर एवढं सुंदर मी यशोधराच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

अनघाताई बसल्या. म्हशीच्या दुधाचा चहा झाला, तांदळाची भाकरी आणि पिठलं झालं. लोणावळ्याची बाई, बाहेरच्या वाऱ्याने पार गारठली होती. हळूहळू तिचे गाल लाल झाले आणि तिने स्वेटर काढून मांडीवर ठेवला. मला तो स्वेटर परत तिच्या अंगात घालावासा वाटत होता.

"किती ऊब आहे हो मावशी तुमच्या घरात!"

मावशीचा चेहरा फुलला. मी घाईघाईने म्हणाले, "ताई, हे रोज असं नसतं."

"रोजच असतं!" मावशी माझ्यावर डोळे वटारून म्हणाली. "तुला काय म्हाईत? तू रोज येतीस का?"

पंधरवड्याने यादी आली. मावशीचं नाव गाळलेलं आणि नावापुढे शेरा, 'घर सुस्थितीत'. मी तो वाचून दाखवला. तिला आधी नीट कळलं नाही. अर्थ सांगितल्यावर ती चक्क खूश झाली. तिच्या घराला असलं भारदस्त प्रशस्तिपत्र कुणी दिलं नव्हतं. "शिकल्याली बाई हाय ती, तिला कळतंय," असं तिने दोन-चार घरी जाऊन सांगितलंही. मग माझा तोल सुटला.

"अगं, मदत सुस्थितीतल्या घराला देत नाहीत! मी तुला काय सांगितलं होतं?"

"नीट दाव म्हनालीस. दावलं की नीट."

"नीट म्हणजे खरं! आहे तसं!"

"नीट म्हंजी नीट," मावशी म्हणाली. "दारी आल्येल्या बाईला मी घराची भोकं दावू व्हय? फाटकं लुगडं नेसून कुनी पाव्हन्याम्होरं जातं का?"

 खरं सांगायचं तर मला तिचा रागही येत होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम आले की मला बोलता येत नाही. मी एवढंच सांगितलं की फेरपाहणी मागता येते, पण ती घरमालकाने स्वतः मागायची असते. मला तिच्या वतीने मागता येणार नव्हती. "मी न्हाई मागायची," ती म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली.

तिचं मन फिरवलं ते यशोधराने, आणि तेही नकळत. एका दुपारी मी मावशीच्या ओट्यावर बसले होते, तेव्हा लेकीचा फोन आला. मावशीला फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, ती स्पीकर लावते, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं.

"आई, इथं सगळे चांगलं करतात गं. सासूबाई मला काडीला हात लावू देत नाहीत. पण मला तुझ्याकडं यायचंय." मग आवाज खाली आणून, "घरातलं वारं कमी होईल का गं काहीतरी करून?"

"व्हईल," मावशी म्हणाली. "का न्हाई व्हनार."

फोन ठेवल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता रडेल, पण तिने तोच फोन माझ्यापुढे धरला. "लाव तुझ्या बाईला. मीच बोलते."

मी नंबर लावून दिला. पलीकडून अनघाताईंचा आवाज आल्यावर मावशी उभी राहिली, फोनवर बोलायला उभं राहायचं असतं तशी.

"बाई, मी भागुबाई. त्या दिशी तुमी माझं घर बघितलंच न्हाई. मी दावलंच न्हाई. परत या."

अनघाताई आल्या त्या दिवशी वारा चांगलाच सुटला होता. मावशीने या वेळी रांगोळी काढली नव्हती, चहा मात्र केला होता. तो कपांत ओतून तिने आमच्यापुढे ठेवला. मग उठली, कंदिलाची काच उचलून बाजूला ठेवली. मेणबत्ती तेवढ्यानेच फडफडू लागली. तिने स्टुलावर चढून साड्यांचं छत सोडलं, आणि पत्र्याखालच्या फटीतून एकेक चिंधी ओढून खाली टाकायला लागली. मी मदतीला उठले तर म्हणाली, "तू बस. हे माझं मला करू दे."

काकांचा खाकी शर्ट आला. यशोधराचा शाळेचा निळा स्कर्ट आला. खताची गोणी आली. कुठल्याशा निवडणुकीतला फ्लेक्स आला, त्यावर एका उमेदवाराचा अर्धा चेहरा, हात जोडून हसणारा. "ह्यो बी आमच्या कामी आला," मावशी म्हणाली आणि अनघाताईंना हसू फुटलं. मावशीही हसली. मेणबत्ती तोवर विझली होती. वाऱ्याने कपातल्या चहावरची साय थरथरत होती आणि अनघाताईंनी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

मग मावशीने कुडाच्या भेगांतलं सारवण बोटाने उकरून दाखवलं. इथे पावसाची झड येते, इथून धूळ येते, इथून एकदा विरोळा साप आला होता. अनघाताई फोटो काढत, टॉर्च मारत मागच्या कुडापर्यंत गेल्या, वळकट्या सरकवून वाकल्या. तिथे खाली, जमिनीलगत, कूड चांगला हातभर लांब कुजून गेला होता. काठ्यांमधून परसातलं ऊन आत दिसत होतं. सगळ्या घरात एवढी मोठी फट कुठे नव्हती, आणि नेमकी तिथेच कधी काही कोंबल्याची खूण नव्हती.

"मावशी, सगळीकडे चिंध्या भरल्या होत्या. इथे का नाही काही?"

"तितं मी निजते की," मावशी म्हणाली.

अनघाताईंना लगेच कळलं नाही. मला कळलं. पाठ लावून निजलेल्या मावशीच्या पलीकडे मधे आम्ही सगळ्या मुली, उबेत, खिदळत, आणि "ती माझी जागा हाय" म्हणून तिने उठवलं की अजून मोठ्याने खिदळणाऱ्या.  मी बाहेर जाऊन उगाचच म्हशीशी बोलले.

मंजुरी मिळाली. अनघाताईंनी आधीचा शेरा आपल्या हाताने खोडला आणि पहिला हप्ता मावशीच्या खात्यात आला तो मी तिला मोबाइलवर दाखवला. काम करायला कामशेतचा मोईन आला. लोणावळ्याच्या बंगल्यांना छतं करणारा हा माणूस. "बंगलेवाले शनिवार-रविवार येतात मावशी, तेवढ्यासाठी मी त्यांना ऊब करून देतो," तो म्हणाला. "तुमी तर बाराही महिने ऱ्हाता." त्याने पत्र्याखाली चंदेरी बुडबुड्यांचा कागद लावला, त्याखाली बांबूच्या चटयांचं छत केलं. पत्र्याजवळची फट विटांनी बंद केली, आणि धुरासाठी चुलीवरून पत्र्याबाहेर पाइप काढला. कुजलेला कूड कापून तिथे नव्या काठ्या बसवल्या, उरलेल्याला आतून जाळी मारून सिमेंटचा गिलावा केला. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी ठोकली. मावशी पाटी उचलत होती, पाणी मारत होती आणि प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत होती. मोईनने निमूटपणे ऐकून घेतलं. त्याला घरी आई होती.

गिलावा वाळल्यावर मावशीने एकच केलं. मेणबत्ती लावली, काच लावली नाही, आणि समोर बसून राहिली. अनघाताई काम तपासायला आल्या तेव्हा त्यांनी यंत्राने तापमान वगैरे मोजलं. मावशीने त्यांना मेणबत्ती दाखवली. दुसरा हप्ता मिळाला.

जानेवारीत यशोधराला मुलगी झाली. दवाखान्यातून सोडल्यावर शालनबाई स्वतः गाडीत बसून आली, सुनेला आणि नातीला घेऊन. पण उतरताना म्हणाली, "आधी मी घर बघते, मग बाळाला आत न्या." आम्ही सगळे गाडीशी थांबलो. ती आत गेली. भिंतींवरून हात फिरवला, पत्र्याकडे बघितलं, दाराची पट्टी पायाने चाचपली. मग मूर्तीपुढे बिनकाचेची मेणबत्ती बघून तिथे हात जोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोक्यावरची शाल खांद्यावर होती. "आना माझ्या नातीला," ती म्हणाली. मावशीने नुसती मान हलवली, पण मी तिच्या शेजारी उभी होते आणि तिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की वळ उमटला.

नव्या बाळाच्या घरी मला सारखं जावं लागतं. दोन दिवसांनी दुपारी मी वजनाचा काटा घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. आत यशोधरा भिंतीच्या बाजूला बाळाला कुशीत घेऊन पडली होती, कान बांधलेले, डोळे उघडे. मावशी त्यांच्या शेजारी, घराच्या अगदी मधोमध, चटईवर आडवी. मी त्या घरात तिला कधी मधे झोपलेली बघितली नव्हती.

यशोधराच्याही ते लक्षात आलं असावं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तुझी जागा मी घेतलीय. तुला भिंतीकडंच आवडतं ना? मी सरकते."

"ऱ्हाऊ दे," मावशी अर्धवट झोपेत म्हणाली. "आता तितं माझं काय काम हाय?"

"काम?"

मावशीने कूस बदलली. तिला झोप लागली होती.

यशोधरा वळली. तिने भिंतीच्या खालच्या बाजूला हात लावला, जिथे नवा गिलावा बाकीच्या भिंतीपेक्षा जाड होता. हात तसाच ठेवून ती बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिली.  मग तिने बाळाला उचललं, हलकेच सरकत आईजवळ आली, आणि तिच्या पाठीशी बिलगून, मधे बाळाला घेऊन, पदर तिघींवर ओढून घेतला. मावशी खोकली नाही.

वजन उद्या घेऊ म्हणून मी काटा उचलला आणि दार ओढून घेतलं.